आजीच्या ओव्या असलेली हार्ड डिस्क उघडत नाहीये, घरी काय करता येईल?

मावळतीर (शनिवार, रात्री ९.१०)

नमस्कार. घाईत काही चुकीचं करून बसण्याआधी विचारावं म्हणून धागा काढतेय.

एक टीबीची पोर्टेबल डिस्क आहे, अडीच इंची, २०१७ मध्ये घेतलेली. काल लॅपटॉपला जोडली तर दिवा लागला, आतली तबकडी फिरतेय हे हाताला जाणवलं, पण फाइल एक्सप्लोरर जागच्या जागी गोठला. पाचेक मिनिटांनी "ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल" असा संदेश आला. मी रद्द केलं. पुन्हा जोडली, पुन्हा तेच.

फोटो आहेत, त्यातले बरेचसे भावाकडेही आहेत. पण २०१३ च्या दिवाळीत आणि पुढच्या उन्हाळ्यात, भोर तालुक्यातल्या आमच्या घरी आजीला जात्याशी बसवून आत्यानं आणि मी तिच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. छोट्या व्हॉइस रेकॉर्डरवर, एमपी३ मध्ये, एकूण ४१ फायली. आजी २०१६ मध्ये गेली. रेकॉर्डरचं कार्ड नंतर दुसऱ्या कामाला वापरलं गेलं, जुना लॅपटॉप विकला. या फायली आता फक्त याच डिस्कवर आहेत.

नवरा म्हणतोय, चेकडिस्क चालवून बघ. ऑफिसमधला एक जण म्हणाला, फॉरमॅट कर आणि मग रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लाव. कोणाचं ऐकू?

जुनाकीबोर्ड (शनिवार, रात्री ९.२५)

ताई, दोघांचंही नको. आधी डिस्क काढून बाजूला ठेवा. पुढचं सगळं ती बंद असताना बोलू.

चेकडिस्कचं काम फाइल सिस्टिमचा हिशेब जुळवणं हे आहे, तुमच्या फायली वाचवणं हे नाही. ज्या नोंदी वाचता येत नाहीत त्या तो रद्द करतो आणि डिस्कवर नव्यानं लिहितो. धडधाकट डिस्कवर वीज गेल्यामुळे गोंधळ झाला असेल तर ते औषध आहे. डिस्कच आजारी असेल तर त्याच औषधानं फोल्डरच्या फोल्डर गेलेले मी पाहिलेत. फॉरमॅटचं तर नावच काढू नका.

तीन गोष्टी सांगा. डिस्क पडली होती का? जोडल्यावर टक्-टक् असा ठरावीक अंतरानं आवाज येतो का, की बारीक पीप-पीप, की नेहमीचीच घरघर? आणि विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिचा आकार दिसतो का? तिसऱ्यासाठी एकदा जोडावी लागेल, पण दोन मिनिटांत काढा.

पानपुस्तक (शनिवार, रात्री ९.४८)

माझ्या भावानं खूप वर्षांपूर्वी बंद पडलेली डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली होती, आणि सकाळी ती अर्धा तास चालली. फोटो निघाले. करून बघायला हरकत नसावी.

सोल्डरगन (शनिवार, रात्री १०.०५)

पानपुस्तक, हरकत आहे, आणि ताईंनी वाचायच्या आधीच लिहितो. जुन्या डिस्कमध्ये थंडीनं धातू आकसून अडकलेला भाग सुटायचा, म्हणून क्वचित फळायचं. पण थंड डिस्क बाहेर काढली की आपल्या हवेत तिच्यावर पाणी धरतं, आणि बहुतेक डिस्कना हवेचा दाब सारखा राहावा म्हणून एक बारीक छिद्र असतं. तबकडीवर दव आलं आणि ती फिरायला लागली, की वाचणारं हेड त्या थेंबांवर आदळतं. शिवाय ताईंची डिस्क फिरतेय. अडकलेलीच नाही, तर सोडवायचं काय?

मावळतीर (शनिवार, रात्री १०.३०)

धन्यवाद. पडलेली नाही (मला माहीत असेपर्यंत तरी). टक्-टक् नाही, पीप-पीप नाही, घरघर नेहमीसारखीच. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ९३१ जीबी दिसतं आणि पुढे "रॉ" असं लिहिलंय.

क्रिस्टल डिस्क इन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम) आधीपासून लॅपटॉपमध्ये होतं, तेवढ्यात त्याचा फोटो काढला. पिवळ्या रंगात "सावधान" आहे. ०५ च्या ओळीत शेवटी १०, सी५ च्या ओळीत शेवटी १५८, सी७ शून्य. आता डिस्क काढून ठेवलीये.

जुनाकीबोर्ड (शनिवार, रात्री ११.००)

उत्तम माहिती दिलीत. यावरून बरंच कळतं.

हे आकडे सोळा-पायाचे, म्हणजे हेक्साडेसिमल आहेत. ०५ म्हणजे डिस्कनं आजवर बदलून टाकलेले सेक्टर, म्हणजे तबकडीवरचे छोटे कप्पे. तिथले १० म्हणजे आपले १६. सी५ म्हणजे वाचायला गेलं आणि वाचता आले नाहीत, ज्यांचा निकाल अजून लागायचाय असे सेक्टर. तिथले १५८ म्हणजे ३४४. सेक्टर ५१२ बाइटचा धरला तर ही जागा जेमतेम १७२ केबी होते. सी७ शून्य आहे, त्यामुळे डिस्क आणि यूएसबीच्या बोर्डामधल्या जोडणीत दोष दिसत नाही.

१७२ केबीसाठी अख्खी डिस्क का गोठते, असं वाटेल. एनटीएफएसमध्ये (विंडोजच्या फायली मांडण्याच्या पद्धतीत) प्रत्येक फाइलची नोंद एका मोठ्या तक्त्यात असते, आणि डिस्क जोडल्याबरोबर विंडोज तो तक्ता वाचायला जातं. नेमका तिथलाच एखादा सेक्टर खराब असेल तर डिस्क त्याच जागी पुन्हापुन्हा प्रयत्न करत बसते, एकेका सेक्टरला कित्येक सेकंद. विंडोज ताटकळतं, मांडणी ओळखता न आल्यानं "रॉ" लिहितं आणि शेवटी "फॉरमॅट करा" म्हणतं. फायली बहुतेक जागेवरच आहेत, त्यांचा पत्ता सांगणारं पान फाटलंय. मात्र ३४४ हा आकडा फक्त डिस्कनं वाचून पाहिलेल्या भागाचा आहे. न वाचलेल्या भागात काय आहे ते तिलाही ठाऊक नाही.

म्हणून एकच नियम: या डिस्कवरून फायली शोधत बसायचं नाही. आधी तिची सेक्टरला सेक्टर अशी संपूर्ण प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, दुसऱ्या डिस्कवर उतरवायची, आणि शोधाशोध, दुरुस्ती, प्रयोग सगळं त्या प्रतिमेवर. रिकव्हरी सॉफ्टवेअरवाले थेट आजारी डिस्क तासन्‌तास स्कॅन करायला लावतात, त्यात ती जीव सोडते. हे मी फार वेळा पाहिलंय.

कसं करायचं ते उद्या सकाळी सविस्तर लिहितो. तोवर दोन टीबीची नवी डिस्क आणि एक रिकामा पेनड्राइव्ह आणून ठेवा.

रानजाई (रविवार, सकाळी ७.२०)

मी डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून थोडं सांगते. घरी करायचं की नाही, हे ठरवण्याची वेळ पुन्हा वीज देण्याच्या आधीची असते. टक्-टक् आवाज, पीप-पीप, खरवडल्यासारखा आवाज, पडलेली डिस्क, आकार शून्य दिसणारी डिस्क, यातलं काहीही असेल तर घरी पुन्हा एकदाही चालू करायची नाही. मावळतीर, तुमच्याकडे यातलं काही नाही, त्यामुळे जुनाकीबोर्ड सांगताहेत ते घरी करण्यासारखं आहे. पण मधेच आवाज बदलला तर त्या क्षणी बंद करायची, "अजून दहा टक्केच राहिलेत" असं म्हणत थांबायचं नाही.

आणि झाकण उघडायचं नाही, कोणीही, कधीही. ५४०० फेऱ्यांच्या अडीच इंची डिस्कमध्ये तबकडीची कड ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास वेगानं जाते, आणि हेड तिच्यावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं. सिगारेटच्या धुराचा कणसुद्धा त्या फटीपेक्षा मोठा. घरात उघडून "आत काहीच खराब दिसलं नाही" असं सांगत आमच्याकडे डिस्का येतात. दिसत नाहीच ते. पण पुढच्या वेळी ती फिरली की तबकडीवर वर्तुळाकार चरे पडतात, आणि जिथला चुंबकीय थर खरवडून गेला तिथला डेटा जगातली कुठलीही प्रयोगशाळा परत आणू शकत नाही. आम्ही शुद्ध हवेच्या खोलीत, अगदी जुळणाऱ्या दुसऱ्या डिस्कची हेड काढून बसवतो, आणि तरीही दर वेळी यश येत नाही.

अजून एक. अनेक पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचा जोड थेट डिस्कच्याच बोर्डावर असतो, आत साटाचं (डिस्क थेट कॉम्प्युटरला जोडण्याचं) तोंड नसतंच. काहींत तर पासवर्ड ठेवलेला नसला तरी तो बोर्ड सगळा डेटा कूटबद्ध करून लिहितो. त्यामुळे प्लास्टिकचं कव्हर फोडून काही मिळत नाही.

सोल्डरगन (रविवार, सकाळी ८.०५)

बोर्डाचा विषय निघालाय म्हणून. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो, आणि लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर त्याच तोंडात बसला की डिस्क एकदम मुकी होते. अशा वेळी बोर्डावरचा टीव्हीएस डायोड स्वतः शॉर्ट होऊन बाकीच्या बोर्डाला वाचवतो. मल्टिमीटरनं तपासून तो शॉर्ट झालेला डायोड काढला की पुष्कळदा डिस्क पुन्हा फिरते. मी असे दोन वाचवलेत. पण १२ व्होल्टच्या बाजूचा कुठला आणि ५ व्होल्टचा कुठला हे कळत नसेल तर हात लावू नये, आणि डायोड काढल्यावर ती डिस्क फक्त डेटा काढण्यापुरतीच चालवावी.

"त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड आणून लावा" हा सल्ला मात्र अर्धवट आहे. बोर्डावर आठ पायांची एक छोटी रॉम चिप असते आणि तिच्यात त्याच डिस्कच्या हेडची जुळणी लिहिलेली असते. ती चिप जुन्या बोर्डावरून नव्यावर नेली नाही तर डिस्क उठत नाही.

जुनाकीबोर्ड (रविवार, सकाळी ९.१५)

हां, आता पद्धत.

पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी लिनक्स प्रणाली) घालून लॅपटॉप त्यावरून सुरू करा, "इन्स्टॉल न करता वापरून पहा" निवडा. आजारी डिस्क जोडण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन बाहेरची डिस्क आपोआप उघडण्याची सोय बंद करा, नाहीतर लिनक्सही विंडोजसारखाच त्या फाटक्या तक्त्यावर जाऊन अडकेल. टर्मिनलमधून (आदेश टाइप करायच्या खिडकीतून) "जीडीडीरेस्क्यू" नावाचं पॅकेज घ्या. आत जो प्रोग्रॅम येतो त्याचं नाव डीडीरेस्क्यू. मोफत आहे.

याची खुबी अशी की तो आधी सहज वाचता येणारा भाग भराभर उचलतो. अडलं की तिथे हट्ट न करता उडी मारून पुढे जातो, अवघड तुकड्यांकडे शेवटी वळतो. कुठला भाग मिळाला, कुठला राहिला, हे तो एका नकाशा-फाइलमध्ये लिहीत जातो. त्या फाइलमुळेच मधे थांबवून, वीज जाऊन, डिस्क निसटूनही पुन्हा तिथूनच सुरुवात करता येते. म्हणून नकाशा-फाइल नव्या डिस्कवर ठेवा. पेनड्राइव्हवर चाललेल्या उबुंटूत ठेवलीत तर लॅपटॉप बंद झाल्यावर ती नाहीशी होईल.

पहिली फेरी "एन" हा पर्याय देऊन, म्हणजे अडलेल्या भागातून एकेक सेक्टर काढत न बसता. ती संपली की त्याच प्रतिमेवर, त्याच नकाशावर दुसरी फेरी, "आर ३" म्हणजे तीन प्रयत्न.

सगळ्यात महत्त्वाचं: आधी स्रोत, मग प्रत, मग नकाशा, हा क्रम. स्रोत आणि प्रत यांची अदलाबदल झाली तर आजीच्या डिस्कवर कोरी डिस्क लिहिली जाईल. आदेश देण्याआधी डिस्कची यादी काढा, आकार आणि मॉडेल बघा, कागदावर लिहा, घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी वाचून दाखवा. नवी डिस्क फॅट३२ मध्ये नको, तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

डिस्क सपाट लाकडी पृष्ठभागावर ठेवा, गादीवर नाही. जवळ टेबल फॅन लावा. हब नको, थेट लॅपटॉपला जोडा.

वाशिष्ठीकाठ (रविवार, दुपारी १२.४०)

वाचतोय. मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ च्या पुरात माझ्या स्टुडिओतल्या चार डिस्का गाळात होत्या, अकरा वर्षांची लग्नांची छायाचित्रं. मी त्या धुऊन, चार दिवस उन्हात वाळवून, एकेक करून जोडल्या. चारही गेल्या. नंतर कळलं की वाळवायच्याच नसतात. आतलं पाणी सुकलं की गाळ तबकडीवर घट्ट बसतो. ओलसर असतानाच हवाबंद पिशवीत घालून प्रयोगशाळेत द्यायच्या असतात, वीज अजिबात न देता. कोणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहिलं. ज्यांची छायाचित्रं होती त्यांना मी आजही काय सांगावं ते मला समजत नाही.

रानजाई (रविवार, दुपारी १.१०)

वाशिष्ठीकाठ दादा, त्या चार डिस्का अजून असतील तर टाकू नका. वीज देऊन किती वेळ चालवल्या होत्या त्यावर बरंच अवलंबून आहे. मला संदेश करा.

मावळतीर (सोमवार, सकाळी ६.५०)

रात्री ११ ला सुरू केलं. क्रम नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवला. सुरुवातीला सेकंदाला ९० एमबीच्या आसपास वेग होता, हळूहळू कमी होत गेला. ६१ टक्क्यांवर डिस्क यादीतूनच नाहीशी झाली. हात-पाय गार पडले. बंद केली, वीस मिनिटं थंड होऊ दिली, पुन्हा जोडली. बरं झालं यादी पुन्हा तपासली, कारण लिनक्सनं तिला दिलेलं नाव आधी "एसडीबी" होतं ते आता "एसडीसी" झालं होतं! नकाशा-फाइलमुळे ६१ वरूनच पुढे गेलं. पहाटे साडेपाचला पहिली फेरी संपली, ९९.९८ टक्के.

आवाज बदललेला नाही. आता दुसरी फेरी लावू का?

जुनाकीबोर्ड (सोमवार, सकाळी ७.१५)

छान काम केलंत. ९९.९८ ऐकायला मोठं वाटतं, पण एक टीबीचे ०.०२ टक्के म्हणजे साधारण २०० एमबी. ते सगळं खराब नाही, उड्या मारताना सुटलेला चांगला भागच त्यात जास्त असतो. दुसरी फेरी लावा. हळू चालेल, घाबरू नका.

पानपुस्तक (सोमवार, रात्री ९.००)

फ्रीजरचा सल्ला मी मागे घेतो. पण एक भर घालतो. आमच्या वाचनालयाच्या स्मरणिकेची १९९९ ते २००६ ची जुनी डिस्क अशीच वाचवली, तर सगळ्या फायली उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा दिसला. आम्ही समजलो, डेटा बिघडला. तो बिघडला नव्हता. त्या काळी मजकूर श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फाँटमध्ये बांधलेला असायचा, युनिकोड नव्हतं. तोच जुना फाँट मिळवून बसवला आणि मराठी जशीच्या तशी समोर आली. दोन वर्षांचे अंक तोवर आम्ही "खराब" म्हणून पुसून टाकले होते. जुना मराठी मजकूर काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

मावळतीर (मंगळवार, रात्री १०.२०)

दुसरी फेरी काल रात्री संपली. शेवटी ४१२ केबी वाचता आलं नाही. आजारी डिस्क काढून कपाटात ठेवली. प्रतिमेची आणखी एक प्रत केली आणि तिच्यावर टेस्टडिस्क (बिघडलेली मांडणी दुरुस्त करणारा प्रोग्रॅम) चालवलं. आधी एनटीएफएसच्या तक्त्याची सुरुवातच वाचता येत नव्हती. पण पहिल्या काही नोंदींची जादा प्रत डिस्कवर दुसरीकडे असते, तिच्यावरून टेस्टडिस्कनं ती नीट केली. मग "पी" दाबलं आणि फोल्डर दिसले. टर्मिनलमध्ये काना-मात्रा विखुरलेल्या होत्या, पण फायली उतरवून घेतल्यावर नावं बरोबर आली. "आजी - ओव्या".

आत ४० आहेत. एक कमी आहे, २३ नंबरची.

जुनाकीबोर्ड (मंगळवार, रात्री १०.३५)

तिची नोंदच वाचता न आलेल्या भागात असणार. प्रतिमेवर फोटोरेक हा प्रोग्रॅम चालवा, फक्त एमपी३ निवडून. तो तक्ता न बघता थेट फाइलच्या सुरुवातीची खूण शोधतो. नावं मिळणार नाहीत, "एफ" आणि पुढे सेक्टरचा आकडा अशी येतील, आणि फाइल तुकड्यांत साठवलेली असेल तर अर्धी येईल. पण त्या काळी एकापाठोपाठ उतरवल्या असतील तर २२ आणि २४ च्या मधेच ती सापडेल.

आणि एक युक्ती. डीडीरेस्क्यूमध्ये भरण्याचा एक प्रकार आहे: नकाशाप्रमाणे जिथे वाचता आलं नाही तिथे प्रतिमेत आपण ठरवलेला एखादा शब्द लिहून टाकायचा. हे प्रतिमेच्या प्रतीवरच करा. मग सगळ्या फायलींमध्ये तो शब्द शोधायचा. ज्यांत सापडेल त्यांना धक्का लागलाय, बाकीच्या पूर्ण आहेत. हजारो फोटो एकेक उघडून बघावे लागत नाहीत.

मावळतीर (गुरुवार, रात्री ११.०५)

सापडली. फोटोरेकनं दिली, साडेअठरा मिनिटांची, शेवटी आजी "पुरे आता, पीठ सांडतंय" म्हणते तिथपर्यंत पूर्ण.

शब्द भरून शोधलं. धक्का लागलेल्या फायली चार: एका लग्नाचे दोन व्हिडिओ, एक फोटो, आणि हीच २३ नंबरची, मधोमध. १२८ केबीपीएसचं रेकॉर्डिंग आहे, ६४ केबी गेलंय, म्हणजे चार सेकंद. ११ मिनिटं ४० सेकंदांवर जात्याची घरघर मधेच तुटते आणि ओवीचा दुसरा चरण येतच नाही.

जुनाकीबोर्ड काका, रानजाई, सोल्डरगन, तुम्ही वेळ दिलात त्याचं मोल मला सांगता येणार नाही. आता तीन प्रती आहेत, एक भोरला आत्याकडे.

रानजाई (शुक्रवार, सकाळी ८.३०)

फार आनंद झाला. जमलं तर या ओव्या लिहूनही काढा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुणे जिल्ह्यातून सुरू केलेल्या संग्रहात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत, आणि त्यांतल्या अनेक आता पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकता-वाचता येतात. लिहिताना कोणत्या गावची, कोणी गायली, हे सोबत ठेवायची त्यांची रीत घेण्यासारखी आहे.

मावळतीर (रविवार, दुपारी ४.१५)

आज भोरला जाऊन आत्यासोबत २३ नंबर ऐकली. तुटतं तिथे तिनं लगेच चरण म्हणून दाखवला. मग थोडी थांबली आणि म्हणाली, नाही, आई असं नाही म्हणायची. दुसऱ्या तऱ्हेनं म्हणाली. मग पुन्हा पहिल्या. दोन्हीत आळंदीची वाट आहे, पण एकात पाऊस आहे आणि एकात ऊन. तिला खात्री देता येईना. दोन्ही लिहून ठेवल्या: फाइल २३, ११ मिनिटं ४० सेकंद, आत्याच्या तोंडून.